आमचा पैसा कुणाच्या पाटाला?

गरिबाचा पैसा कापला, असं सरकारी कागदात कधी लिहिलेलं नसतं. कागदात शब्द असतो 'वळवला'. बारामती-इंदापूरच्या माणसाला हा शब्द समजावून सांगायची गरज नाही. पाट कुठं फोडायचा, दारं कुणाच्या रानात मोडायचं, दिवसाची पाळी कुणाला आणि रात्रीची कुणाला, अख्खी गावकी ह्या एका शब्दात बसते. पाणी आटलं तर माणूस आभाळाकडं बघतो. पाणी वळवलं तर बांधावर फावडं घेऊन कोण उभा होता, ते बघावं लागतं.

मे २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकास खात्याचे ३३५ कोटी ७० लाख रुपये 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेच्या हप्त्यासाठी वळवले. बेरीज ७४६ कोटी. सामाजिक न्याय खात्याचे मंत्री संजय शिरसाट स्वतः सत्तेत बसलेले. तेही उघड बोलले, की खातं नको असेल तर बंदच करून टाका. मंत्र्याचा संताप पेपरात छापून आला. हप्ता वाटला गेला. त्याच मार्चमधल्या अर्थसंकल्पात अनुसूचित जाती घटकाच्या तरतुदीत ४२ टक्के वाढ केली, असं सांगितलेलं होतं. म्हणजे एका हातानं ताटात वाढलं आणि दुसऱ्या हातानं उचललं. वाढल्याचा फोटो तेवढा राहिला.

मित्रांनो, ह्याची चीड आलीच पाहिजे. पण ही चीड दोन ठिकाणी वाया जाते. आपण ती एका मंत्र्यावर काढतो, मग मंत्री बदलला की चीड विझते. नाहीतर लाडक्या बहिणीवर काढतो, आणि ती बहीण बघायला गेलं तर आपलीच आई निघते. म्हणून मला इथं इतिहास सांगायचाय, तोही आपल्याच दोन तालुक्यांना धरून. गरिबाच्या नावानं पैसा उभा करायचा आणि वेळ आली की दुसरीकडं वळवायचा, ही रीत दीडशे वर्षांची जुनी आहे. ती नीट ओळखली तर हात कुठं घालायचा ते कळेल.

* * *

१८७६ ला पाऊस गेला. इंदापूर आणि तेव्हाचा भीमथडी तालुका (बारामती त्यातच मोडायची) हा पुणे जिल्ह्याचा कोरडा पूर्वभाग. त्याच्या आदल्याच वर्षी, मे १८७५ ला, सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांची खतं आणि वह्या जाळल्या होत्या. तो उठाव शाळेच्या पुस्तकात आहे. दुष्काळी कामावरच्या मजुरांचा संप मात्र पुस्तकात शोधावा लागतो.

सरकारनं दुष्काळी कामं काढली. पण खर्च फार होतोय म्हणून हिंदुस्थान सरकारनं सर रिचर्ड टेंपल ह्या बड्या साहेबाला पाठवलं. १८७७ च्या सुरुवातीला त्यानं मजुरी छाटली. दिवसभर राबणाऱ्या बाप्याला एक पौंड धान्य, म्हणजे अर्ध्या किलोपेक्षा कमी, आणि वर किरकोळ पैसे. गावाजवळची लहान कामं बंद करून माणसांना लांबच्या मोठ्या कामांवर हाकललं. माणूस किती कमी खाऊन जिवंत राहतो, ह्याची ती परीक्षाच होती. तेव्हा दख्खनच्या दुष्काळी पट्ट्यातल्या हजारो मजुरांनी कामं सोडली. पोटात अन्न नसताना त्यांनी संप केला. पुणे सार्वजनिक सभेनं सरकारकडे त्यांची बाजू मांडली. सभेचं नाव इतिहासात राहिलं. संप करणाऱ्यांत एकाचंही नाव आपल्याला माहीत नाही. पण ते कोण होते हे कळायला आकडेवारी लागत नाही. ज्याच्या घरात धान्याचं पेव होतं, तो खडी फोडायला आला नव्हता.

ह्या दुष्काळातून सरकारनं एक धडा घेतला. पुढच्या दुष्काळासाठी आधीच पैसा बाजूला ठेवायचा. व्हाइसरॉय लिटनच्या सरकारनं त्यासाठी नवा कर बसवला, दरसाल दीड कोटी रुपये दुष्काळासाठी राखायचे ठरवलं. धंदेवाल्यांवर लायसन कर आला. त्या करावरून १८७८ ला सुरतेत दंगा झाला, पोलिसांनी गोळ्या झाडल्या. हा पैसा फक्त दुष्काळासाठी, असा शब्द सरकारनं दिला होता. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात अफगाणिस्तानशी लढाई जुंपली. लढाईला पैसा कमी पडला, आणि दुष्काळाच्या नावानं राखलेली रक्कम त्या तंगीत थांबवून टाकली. इंदापूरच्या उपाशी माणसाच्या नावानं गोळा केलेला रुपया काबूलच्या वाटेवरच्या तोफेच्या बैलाला चारला गेला. तेव्हाच्या वर्तमानपत्रांनी बोंब मारली. सरकारचं उत्तर ठरलेलं होतं : अडचण आहे, पुढं बघू.

आपल्या भागातल्या 'वळवण्या'ची ही पहिली मोठी नोंद धरा. ह्यात तिन्ही गोष्टी आहेत. गरिबाच्या नावानं कर. फक्त गरिबासाठी, असा शब्द. आणि त्या शब्दाला कायद्याचं कुलूप नाही. कुलूप नसलेल्या पेटीतला पैसा कुणाच्या गरजेला पहिला लागतो? ज्याचा हात पेटीपर्यंत पोचतो त्याच्या.

* * *

दुष्काळानंतर नीरेचा डावा कालवा आला. १८८० च्या दशकात तो वाहू लागला. बारामतीवरून पुढं इंदापूर तालुक्यात पाणी पोचलं. कालव्याचा हेतू दुष्काळापासून बचाव, म्हणजे ज्वारी-बाजरी जगवायची. पण ज्वारीवाला चांगल्या पावसाच्या वर्षी पाणी घेईना, आणि कालव्याचा खर्च निघेना. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली, ऊसवाल्याला पाण्याची खात्री झाली. १९३० च्या दशकात वालचंदनगरला खाजगी कारखाना उभा राहिला. १९५० च्या दशकात माळेगाव आणि भवानीनगरला सहकारी कारखाने आले, पुढं सोमेश्वरनगरला. सहकारी कारखान्याच्या भांडवलात सरकारचा वाटा, कर्जाला सरकारची हमी. दुष्काळातल्या भुकेसाठी काढलेलं पाणी ऊसात गेलं, आणि त्या ऊसामागं सरकारी तिजोरी उभी राहिली.

ऊस वाईट असं माझं म्हणणं नाही. त्या ऊसातून रस्ते झाले, शाळा झाल्या, कॉलेजं झाली. प्रश्न एवढाच, की कालव्याच्या दोन्ही अंगाला गावं होती आणि प्रत्येक गावाला महारवाडा होता. त्या महारवाड्याच्या वाट्याला कालव्यातलं काय आलं? कालव्याच्या पाण्याला जमीन लागते. ज्याला जमीन नाही त्याच्यासाठी कालवा म्हणजे ओलांडायचा ओघळ.

जमीन अजिबातच नव्हती असंही नाही. महार वतनाची होती. तिची गोष्ट तर सरकारी बचतीचीच गोष्ट आहे. महारानं सरकारचा सारा तालुक्याला पोचवायचा, टपाल न्यायचं, हद्दीची निशाणी सांभाळायची, आल्या साहेबापुढं धावायचं, रात्री गस्त घालायची. काम सरकारचं. पगार? सरकारनं पगार दिला नाही. थोडी इनाम जमीन दिली आणि म्हणालं, बाकीचं गावाकडून बलुतं माग. म्हणजे नोकर सरकारचा आणि भाकर गावाच्या मेहेरबानीची. चोवीस तासांच्या नोकरीचा पगार वाचवून सरकारनं महाराला गावाच्या दारात उभं केलं. 'जोहार मायबाप' हे शब्द आपल्या तोंडात नुसत्या धर्मानं घातले नाहीत. पैसे वाचवणाऱ्या कारभारानंही घातले.

बाबासाहेबांनी हे नेमकं ओळखलं होतं. १९२८ ला मुंबई कायदेमंडळात त्यांनी वतन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल आणलं. बलुत्याऐवजी रोख मोबदला द्या, ज्याला वतन सोडायचंय त्याला जमिनीसकट मोकळं होऊ द्या, अशी त्यातली मागणी. बिल तडीस गेलं नाही. उलट पुढं सरकारनं वतन जमिनीवरची जुडी वाढवली, तेव्हा डिसेंबर १९३९ ला नगर जिल्ह्यातल्या हरेगावला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली महार, मांग, वेठिया वतनदारांची परिषद भरली. पगार द्यायचा नाही, आणि दिलेल्या तुकड्यावर सारा मात्र वाढवायचा, ह्याविरुद्धचा तो राग होता. वतनं गेली ती १९५८ च्या कायद्यानं. आकाराच्या तिप्पट रक्कम भरून जमिनी नव्या शर्तीनं परत मिळायच्या होत्या. पण किती जमिनी तोवर दुसऱ्याच्या वहिवाटीत गेल्या होत्या, ते आपापल्या गावचा सातबारा काढून बघा. ऊसाच्या पट्ट्यात तर जरूर बघा.

* * *

आता मुद्द्याकडं येतो. आपल्याला वेगळा पैसा का पाहिजे? सगळ्या गरिबांना मिळतं त्यात आपल्यालाही मिळेल, मग वेगळी पेटी कशाला? हा प्रश्न आजही विचारला जातो, आणि आपल्यातलीही काही पोरं त्याला गडबडतात.

बाबासाहेबांचं उत्तर दोन टप्प्यांत आलं. ऑक्टोबर १९४२ ला, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं लेखी निवेदन व्हाइसरॉयला दिलं. शिक्षणासाठी सरकारी पैसा मागितला. त्यातून १९४४ ला अस्पृश्य विद्यार्थ्यांची सरकारी शिष्यवृत्ती सुरू झाली, दरसाल ३ लाख रुपये. आज आपण जिला भारत सरकार शिष्यवृत्ती म्हणतो, तिचं मूळ तिथं आहे. ती कुणा मुख्यमंत्र्यानं भेट दिलेली नाही.

दुसरा टप्पा १९४७ चा. घटना समितीपुढं मांडण्यासाठी लिहिलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींची मागणी केली. पडीक सरकारी जमिनी ताब्यात घेऊन तिथं अस्पृश्यांना वसवायचं, त्यासाठी एक सेटलमेंट कमिशन नेमायचं, आणि त्या कमिशनला केंद्र सरकारनं दरसाल ५ कोटी रुपये द्यायचे. नीट बघा. रक्कम ठरलेली, दरवर्षीची, आणि घटनेतच लिहा असा आग्रह. कारण त्यांना ठाऊक होतं, की गावात राहून गावाच्याच हातून न्याय मिळायचा नाही. माणसाला गावापासून मोकळं करायचं तर त्याच्या भाकरीची वाट गावातून जाता कामा नये. वेगळा पैसा म्हणजे गावाच्या दारातून उठण्याचं भाडं.

घटनेत ते कलम आलं नाही. आलं नाही म्हणजे काय झालं, ते पंचवीस वर्षांनी आपल्याच इंदापूर तालुक्यात दिसलं.

* * *

बावडा. हे नाव आपल्या चळवळीत कुणाला नवं नाही. १९७२ च्या उन्हाळ्यात इंदापूर तालुक्यातल्या बावड्यात बौद्धांवर गावानं बहिष्कार टाकला. बोट राज्याच्या मंत्रिमंडळातल्या एका माणसाच्या घरापर्यंत जात होतं. त्याच वर्षी परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात पाण्यावरून बौद्ध स्त्रियांची विटंबना झाली. दलित अत्याचारांबद्दलचा इलायापेरुमल समितीचा अहवाल १९७० ला संसदेपुढं येऊन पडलेला होता. बावडा आणि ब्राह्मणगाव ही दोन नावं मुंबईतल्या तरुण लेखक-कार्यकर्त्यांच्या डोक्यात पेटली, आणि त्याच साली दलित पँथर उभी राहिली. म्हणजे पँथरच्या जन्माची एक कळ आपल्या तालुक्यातून आलीय.

पण बावडा मी इथं पैशाच्या अंगानं सांगतोय. बहिष्कार म्हणजे नेमकं काय असतं? किराणा मिळत नाही. गिरणीत दळण घेत नाहीत. रानात कामाला बोलवत नाहीत. वाट अडते, पाणी अडतं. लाठीला हात न लावता सगळी वस्ती उपाशी पाडता येते. हे शक्य होतं, कारण मजुरी, धान्य, पाणी, उधारी ह्या सगळ्यांची चावी गावाकडं. ज्याची स्वतःची जमीन आहे, ज्याचा पगार बाहेरून येतो, ज्याची पोरगी शहरातल्या वसतिगृहात शिकतेय, त्याच्यावर बहिष्कार तितका चालत नाही.

त्याच १९७२ ला पावसानं दगा दिला. बहात्तर म्हटलं की आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना सुकडी आठवते, परदेशातून आलेला लाल मिलो आठवतो, खडीचे ढीग आठवतात. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामावर होती. बारामतीच्या जिरायत भागात पाझर तलाव खोदले गेले, धान्याच्या बदल्यात काम झालं. मुकादम कुणाचा होता, हजेरीत कुणाचं नाव गाळलं जायचं, हे सगळं खरं. तरी एक गोष्ट त्या कामावर पहिल्यांदा घडली. मजुरी मिळवायला पाटलाच्या वाड्यावर जावं लागलं नाही. हजेरीपटावर नाव आणि आठवड्याला पगार. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी आली, १९७५ ला त्यासाठी व्यवसाय कर बसला, १९७७ ला कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, हा हक्क कायद्यात लिहिला गेला. लिहिला गेला म्हणून तहसीलवर मोर्चा नेता आला. मेहेरबानीवर मोर्चा नेता येत नाही. हक्कावर नेता येतो.

* * *

१९७९-८० च्या सुमारास केंद्रानं विशेष घटक योजना आणली. आदिवासींसाठी उपयोजना त्याच्या पाचेक वर्षं आधीची. तत्त्व साधं. लोकसंख्येत जेवढा वाटा, तेवढा विकासाच्या पैशात. हा पैसा इतर योजनांतून मिळणाऱ्या हक्काच्या वर, जादा. पुढं नियोजन आयोगानं सूचनाही काढल्या, की हा पैसा दुसरीकडं वळवायचा नाही आणि खर्च झाला नाही म्हणून बुडवायचा नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जाती ११.८ टक्के. म्हणजे विकासाच्या शंभर रुपयांतले जवळपास बारा रुपये आपल्या नावचे.

कागदावर हे बाबासाहेबांच्या ५ कोटींच्या मागणीच्या जवळ जातं. फरक एकच. त्यांना ते घटनेत हवं होतं, आपल्याला ते सूचनेत मिळालं. सूचनेला दात नसतात.

वळवण्याच्या तऱ्हा किती! दलित वस्तीच्या नावानं मंजूर झालेला रस्ता वस्तीच्या कोपऱ्याला शिवतो आणि पुढं बागायतदाराच्या बांधाला जाऊन थांबतो. २००४ ला दादासाहेब गायकवाड यांच्या नावानं सबळीकरण योजना आली : भूमिहीनाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. ज्या दादासाहेबांनी १९५९ ला आणि पुन्हा १९६४ ला भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, त्यांचं नाव. २०१८ ला योजना शंभर टक्के अनुदानाची केली, एकरी भाव ठरवला : जिरायतीला ५ लाख, बागायतीला ८ लाख. आता तुम्हीच सांगा, नीरेच्या पाटाखालची जमीन त्या भावात कोण विकणार? पैसा 'जमीन मिळाली नाही' म्हणून पडून राहतो, आणि पडून राहिलेला पैसा वळवायला सगळ्यात सोपा. वसतिगृहात जागा न मिळालेल्या पोरांसाठी २०१६-१७ ला स्वाधार योजना सुरू झाली. ती रक्कम वेळेवर मिळावी म्हणून पोरांना पुन्हा पुन्हा आंदोलनं करावी लागली. खोलीचं भाडं सरकारच्या सवडीनं थांबत नाही. भाडं थकलं की पोरगी गावी परत येते. पेपरात तिची बातमी होत नाही. वळवलेल्या पैशाचा खरा हिशेब तिथं मांडला पाहिजे.

दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल खेळांसाठी दिल्ली सरकारनं ह्याच घटक योजनेचे सुमारे ७४४ कोटी वळवल्याचं उघड झालं. संसदेत गदारोळ झाला, केंद्रीय गृहमंत्र्यांना ते चुकीचं झालं हे कबूल करावं लागलं. पंधरा वर्षांनी महाराष्ट्रात आकडा निघाला ७४६. स्टेडियमच्या जागी आता बहिणी आल्या, एवढाच बदल.

* * *

आता लाडक्या बहिणीचं. जून २०२४ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री अजित पवारांनी ही योजना जाहीर केली. २१ ते ६५ वयाच्या बाईला महिना १५०० रुपये. नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक झाली. प्रचारात १५०० चे २१०० करू, असं वचन आलं. निवडणुकीनंतर अर्जांची छाननी आली. 'आनंदाचा शिधा' २०२५ च्या सणांना मिळाला नाही, आणि पैसा नाही हे मंत्र्यांनीच सांगितलं. त्याच २०२५ च्या जूनमध्ये शक्तिपीठ महामार्गासाठी २० हजार ७८७ कोटींना मंत्रिमंडळानं मान्यता दिली. तिजोरीत खडखडाट असतो तो ठरावीक दारांसाठी.

आपल्या वस्तीतल्या बाईला ते १५०० रुपये मिळाले ते योग्यच झालं. दुसऱ्याच्या ऊसात वाकून कंबर मोडलेल्या बाईला कुणी पहिल्यांदा तिच्या स्वतःच्या खात्यात पैसे दिले. त्या पैशानं औषध आलं, पोरांच्या वह्या आल्या. तिच्यावर दात काढणारा कार्यकर्ता मला कार्यकर्ता वाटत नाही. माझा सवाल वेगळा आहे. ती योजना सगळ्यांसाठी आहे ना? मग मराठ्याच्या, माळ्याच्या, ब्राह्मणाच्या बाईचे १५०० सर्वसाधारण तिजोरीतून, आणि बौद्धाच्या, मातंगाच्या, चांभाराच्या बाईचे १५०० तिच्याच पोरीच्या शिष्यवृत्तीच्या पेटीतून, हा कुठला न्याय? नागरिक म्हणून तिचा जो हक्क, तो नागरिकांच्या तिजोरीतून द्या. घटक योजनेचा पैसा त्याच्या वरचा. आईच्या हातात ठेवायचे आणि लेकीच्या हातातून काढायचे, ह्याला देणं म्हणत नाहीत.

आणि ह्या देण्याची भाषा ऐका. एप्रिल २०२४ ला इंदापुरात प्रचाराच्या बैठकीत अजित पवार बोलले, की निधी पाहिजे तेवढा देऊ, पण मशीनचं बटणही तसंच कचाकचा दाबा, नाहीतर आपला हात आखडता येईल. नोव्हेंबर २०२५ ला बारामती तालुक्यातल्या माळेगावात नगरपंचायतीच्या प्रचारात पुन्हा तेच : मत तुमच्या हातात, निधी माझ्या हातात, तुम्ही काट मारली तर मीही मारणार. विरोधकांनी ओरड केली, पेपरांनी छापलं. मी हे एका माणसाचं उणं काढायला सांगत नाही. ते मोकळं बोलायचे, म्हणून नोंद झाली. बाकीचे मनात ठेवून तेच करतात. माणसं येतात आणि जातात, रीत राहते. गावाच्या दारात बलुतं मागणारा महार आणि नेत्याच्या दारात निधी मागणारा सरपंच, दोघांची पाठ सारखीच वाकलेली आहे. पैसा ह्याच माणसांनी भरलेल्या करातून येतो, काडीपेटीवरच्या करातूनसुद्धा. तरी देणारा मालक आणि घेणारा ताबेदार. बाबासाहेबांनी जोहार बंद करायला लावला. त्याच्या जागी निधीचा जोहार आलाय.

* * *

तर हात कुठं घालायचा?

१८७७ च्या मजुरांकडं राग होता, पण कायदा नव्हता. म्हणून त्यांच्या नावचा पैसा काबूलला गेला. १९७९ ला रोजगार हमीच्या मजुराकडं कायदा होता, म्हणून तो तहसीलदाराला जाब विचारू शकला. घटक योजनेला महाराष्ट्रात अजून असा कायदा झालेला नाही, हे आपलं खरं दुखणं आहे. आंध्र प्रदेशानं २०१३ ला केला. कर्नाटकानं त्याच वर्षी केला, पण त्यात एक पळवाट ठेवली. सर्वांसाठीच्या कामातला काही खर्च दलितांवर झाला असं 'मानून' घ्यायची सोय. ती पळवाट २०२३ ला काढावी लागली. तरी त्याच वर्षी तिथल्या सरकारनं ह्या निधीतले अकरा हजार कोटींवर रुपये आपल्या गॅरंटी योजनांकडं लावले, तेही आमचे लाभार्थी आहेत म्हणून. तेव्हा कायदा झाला की झोपायचं, असंही नाही. पण कायदा असला की चोरीला चोरी म्हणता येतं. नसला की ती प्रशासकीय सोय ठरते.

कायदा मुंबईत होईल. पण त्याची मागणी आपल्या वस्तीतल्या हिशेबावर उभी राहिली पाहिजे, नुसत्या घोषणेवर नाही. जयंतीला डीजेची वर्गणी आपण दारोदार फिरून पै-पैचा हिशेब ठेवून गोळा करतो. तेवढ्याच चिकाटीनं तीन कागद गोळा करा. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नाचे १५ टक्के मागासवर्गीयांवर खर्च करायचे असतात. आपल्या गावच्या गेल्या पाच वर्षांच्या खर्चाची नोंद माहिती अधिकारात मागा, आणि लिहिलेली गटार खरंच वस्तीत आहे का ते पावलांनी मोजून या. दुसरा कागद, जिल्हा नियोजन समितीकडून अनुसूचित जाती घटकासाठी आपल्या तालुक्यात काय आलं, किती खर्च झालं, किती परत गेलं. तिसरा, आपल्या वस्तीत शिष्यवृत्ती आणि स्वाधारला पात्र पोरं-पोरी किती, पैसे कुणाला कधी मिळाले, आणि कुणी कॉलेज सोडलं. हा तिसरा कागद कुठल्याच कार्यालयात मिळणार नाही. तो आपणच घरोघर जाऊन लिहायचा.

इंदापूर आणि बारामतीच्या प्रत्येक वस्तीतून असे तीन कागद निघाले, तर पुढच्या वेळी पैसा वळवताना बांधावर कुणीतरी उभं असेल. आजवर आपण पाट कोरडा पडल्यावर ओरडलो. आता दारं मोडतानाच फावडं धरलं पाहिजे.

जय भीम.